गाळलेलं वाक्य

शुक्रवारी दुपारचे तीन वाजले तरी आतल्या खोलीतून टाइपरायटरचा आवाज आला नाही, तेव्हा नानांना पहिल्यांदा शंका आली. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांची बायको माई आजारी असतानाही झालं नव्हतं. दर शुक्रवारी जेवणं आटोपली की त्या दार लोटून घेत आणि दोन-अडीच तास आतून टकटक ऐकू येई. पाचच्या सुमाराला पाकीट बाहेर यायचं. नाना ते उशाशी ठेवायचे आणि शनिवारी सकाळी रेडिओ केंद्रात, मायक्रोफोनसमोर बसल्यावरच फोडायचे.

'सात दिवस' हा कार्यक्रम नानांनी सुरू केला त्याला आता तेहतीस वर्षं झाली होती. शनिवारी सकाळी नऊ ते दहा, थेट प्रक्षेपण. आठवड्याच्या बातम्यांचा मागोवा, एखाद्या अधिकाऱ्याची उलटतपासणी, नवं नाटक, नवं पुस्तक, आणि शेवटी नानांचं चिंतन. त्याला 'शेवटची पाच मिनिटं' म्हणत. पुढे निवेदन हाती घेतलेल्या सुनेने त्याच्यानंतर श्रोत्यांचे फोन घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे ती पाच मिनिटं शेवटची राहिली नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त झाल्यावर नानांनी बाकीचं सगळं सोडलं, ती पाच मिनिटं मात्र सोडली नाहीत. तेवढी ऐकायला लोक गाडी रस्त्याच्या कडेला घेतात, असं सांगितलं जायचं. नाना मजकूर आधी डोळ्यांखालूनसुद्धा घालत नाहीत, याचं केंद्रात सगळ्यांना कोण कौतुक. स्वतःच्या लिखाणावर एवढा विश्वास, असं म्हणायचे.

लिखाण माईंचं होतं.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच त्यावर कुणी कधी बोललं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी नाना तापातून उठले होते, डोकं चालत नव्हतं, म्हणून माईंनी शाळेत शिकवून आल्यावर 'एवढ्या खेपेपुरतं' लिहून दिलं. त्या आठवड्यात टपालाने चारशे पत्रं आली. मग पुढची खेप आली, आणि त्याच्या पुढची.

बुधवारी केंद्रातून पुस्तकाच्या दहा प्रती घरी आल्या होत्या. निवडक एकशे चार चिंतनं, मुखपृष्ठावर नानांचा हेडफोन लावलेला फोटो. प्रकाशन शनिवारी कार्यक्रमातच व्हायचं होतं. माईंनी हात पुसून पुस्तक घेतलं, उघडलं आणि अर्पणपत्रिकेवर थांबल्या.

'सहधर्मचारिणीस, जिने माझ्या लेखनात कधीही ढवळाढवळ केली नाही.'

दोनशे चाळीस पानांच्या त्या पुस्तकात नानांनी स्वतः लिहिलेली ही एकच ओळ होती.

माई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, गुरुवारीही बोलल्या नाहीत. नानांना वाटलं, भारावली असेल. शुक्रवारी सव्वातीनला त्यांनी दार ढकललं तेव्हा माई पलंगावर वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत होत्या.

"आज उशीर होणारे का?" नानांनी विचारलं.

"नाही. उशीर नाही. मी लिहिणार नाही."

नानांनी थोडा वेळ वाट पाहिली. बहुधा पुढे काही कारण येईल, पाठ दुखते, डोळे दुखतात, असं. माईंनी दुसरा पाय पुढे घेतला. नाना बाहेर आले आणि त्यांनी मुलाला फोन लावला.

*

साडेपाचपर्यंत घर भरलं. दादा मीटिंग अर्धी टाकून आला. तो आता केंद्राचा कार्यक्रमप्रमुख होता. नानांचीच जुनी खोली, जुनं टेबल. त्याची बहीण छोटी दाताची डॉक्टर. एक्केचाळीस वर्षांची झाली तरी घरात छोटीच. दोन पेशंटना उद्यावर ढकलून ती दवाखान्याचा कोट न काढताच आली. दादाची बायको 'सात दिवस'ची निवेदिका होती, नऊ वर्षं. वहिनी उद्याच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव संपवूनच येणार होती.

दादाने खुर्ची ओढून आईसमोर मांडली. पुस्तकाची कल्पना त्याची होती. वरिष्ठांना पटवायला दोन वर्षं गेली होती आणि उद्या ते सगळे काचेपलीकडे येऊन बसणार होते. त्याने माईंना मीटिंगमधल्या आवाजात समजावलं, की मोठ्या माणसांची भाषणं दुसरे कुणीतरी लिहितातच, जगभर लिहितात, त्यात कमीपणा नाही. लोक लिहिणाऱ्यासाठी रेडिओ लावत नाहीत, आवाजासाठी लावतात. आणि असं ऐन वेळी अडवून धरणं माईंच्या स्वभावात बसत नाही.

माईंनी ते सगळं नीट ऐकून घेतलं. तीस वर्षं वर्गात मुलांच्या सबबी ऐकल्या होत्या त्यांनी.

"तिसरीत असताना तुझा निबंध मी लिहून दिला होता," त्या म्हणाल्या. "त्याला बक्षीस मिळालं. आठवतंय?"

दादा घड्याळाचा पट्टा सारखा करू लागला.

"घरी येऊन रडलास. बक्षिसाची पेटी कपाटामागे टाकून दिलीस. आठ वर्षांचा होतास आणि तुला कळत होतं. आता काय झालं तुला?"

दादाचे कान लाल झाले. त्याला खरंच आठवत होतं. रंगाची पेटी होती, बारा रंगांची. आपल्याला आठवतंय याचाच त्याला राग आला. तो उठून खिडकीशी गेला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, की तो विषय वेगळा आणि हा विषय वेगळा.

मग छोटीने सूत्रं हातात घेतली. नानांची ती लाडकी. लहानपणी शनिवारी ती त्यांच्याबरोबर स्टुडिओत जायची आणि काचेपलीकडून त्यांचे ओठ बघायची. तिचं म्हणणं साधं होतं. अर्पणपत्रिका चुकली हे कबूल. त्या पानावर एक सुंदर कागद चिकटवू, त्यावर नवी ओळ छापू. पुढच्या आवृत्तीत तर बदलूच. उद्याचा दिवस तेवढा पार पडू दे.

"दात किडला की तू वरून रंग लावतेस का गं?" माईंनी विचारलं.

छोटी हसायला गेली, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू तिथेच राहिलं.

नाना आरामखुर्चीत होते. मुलांना वाटत होतं ते ओशाळले असतील, पण तसं काही नव्हतं. ते चिडले होते, मनापासून आणि प्रामाणिकपणे चिडले होते. इतकी वर्षं त्यांनी त्या कागदांना आवाज दिला होता. कुठे थांबायचं, कुठला शब्द सावकाश सोडायचा, कुठे श्वास ऐकू येऊ द्यायचा, हे कागदावर कुठे लिहिलेलं असतं? माईंनी लिहिलं हे खरं, पण घडवलं आपण, असं त्यांना वाटत आलं होतं. रोज वाटून वाटून ते त्यांच्यापुरतं खरं झालं होतं. ते म्हणाले, "मी वाचलं नसतं, तर ते नुसते टाइप केलेले कागद होते."

माईंनी मांडीवरची घडी केलेली चादर उलगडली आणि पुन्हा घडी घातली, पहिल्यापेक्षा घट्ट. कडेला कड जुळवून त्या तळहाताने ती दाबत राहिल्या. त्यांचे हात कापत होते. छोटीला वाटलं वयामुळे असेल.

वहिनी आली ती अशा वेळी. तिने पर्स ठेवली, पाणी प्यायली आणि माईंच्या शेजारी पलंगावर बसली. दादाने तिला थोडक्यात सगळं सांगितलं. तू सांग, तुझं ऐकतील, असंही म्हणाला. वहिनीला ते ऐकून कंटाळा आला. दिवसभर ऑफिसात तो हेच करायचा, तिने काय विचारायचं ते तिला सांगायचा. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"माई, तुम्हाला काय हवंय?" तिने विचारलं.

साडेतीन तास झाले होते आणि हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता. माईंनाही तो अनपेक्षित होता. त्यांनी विचार केला. मग त्या उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "मी लिहिते. तासाभरात देते."

दादाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि बायकोकडे कौतुकाने पाहिलं. नानांनी डोळे मिटले. छोटी चहा टाकायला गेली. आतून टकटक सुरू झाली, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी, एरवीपेक्षा किती तरी भरभर. वहिनी एकटीच दाराकडे बघत बसली होती. माई उठताना तिने त्यांचा चेहरा पाहिला होता. तो माघार घेतल्याचा चेहरा नव्हता.

चाळीस मिनिटांनी पाकीट बाहेर आलं. माईंनी ते चिकटपट्टीने बंद केलं होतं.

*

शनिवारी नाना नवा कोट घालून साडेआठलाच केंद्रात पोचले. काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये दादाने वरिष्ठांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. स्टुडिओत टेबलावर पुस्तकांची चळत आणि पाण्याचे दोन पेले. नवाला लाल दिवा लागला.

पहिला अर्धा तास वहिनीने नेहमीसारखा धारदार चालवला. शहराच्या एका भागात सहा दिवस पाणी नव्हतं. पाणीपुरवठ्याचा अधिकारी फोनवर होता आणि 'लवकरच' म्हणत होता. तिने त्याला लवकरच म्हणजे कुठल्या वारी, असं तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायच्या आत हेडफोनमधून दादाचा आवाज आला, पुरे, पुढे चल. मग नाटकाचं परीक्षण झालं. मग वरिष्ठांपैकी एकजण आत येऊन पुस्तकाबद्दल चार वाक्यं बोलला, त्यातली दोन नानांच्या लेखणीबद्दल होती. नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी नानांनी अंगठ्याने चिकटपट्टी सोडवली.

वाचताना त्यांचे डोळे आवाजाच्या एक ओळ पुढे असत. ही जुनी सवय. पण पहिल्या ओळी फार आखूड होत्या. डोळ्यांना कळायच्या आत त्या तोंडातून गेल्या.

"नमस्कार. गेली सव्वीस वर्षं दर शनिवारी तुम्ही हा आवाज ऐकता. आवाज माझा आहे. शब्द माझे नाहीत."

नाना थांबले.

रेडिओवर चार सेकंदांची शांतता म्हणजे फार झाली. कंट्रोल रूममध्ये ध्वनितंत्रज्ञाचा हात राखीव संगीताच्या बटणाकडे गेला. नानांचे डोळे पानावरून झरझर खाली धावत होते. तिने सापळा लावला. वरिष्ठांसमोर, सगळ्यांसमोर, माझ्याच तोंडून. त्यांना खोकला काढता आला असता. पाणी पिता आलं असतं. तब्येतीचं निमित्त करून उठता आलं असतं, सगळ्यांनी समजून घेतलं असतं.

पण डोळे पानाच्या तळाशी पोचले तोवर त्यांना आणखी एक गोष्ट कळून चुकली होती. मजकूर उत्तम होता. सव्वीस वर्षांत माईंनी इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. कुठे थांबायचं ते त्यांना दिसत होतं, कुठला शब्द सावकाश सोडायचा तेही दिसत होतं. हे आपल्या आवाजात न येता कचऱ्याच्या टोपलीत जावं, हे त्यांना सहन होईना. चिडलेले होते, तरी होईना.

त्यांनी वाचलं. शाळेतून आलेली बाई, बोटांना खडूची पांढरी भुकटी, जेवणाचं टेबल पुसून त्यावर मांडलेला, शाळेने भंगारात काढलेला टाइपरायटर. मुलं झोपेपर्यंत न सुचलेली आणि सुचली तेव्हा डब्याच्या झाकणावर खडूने लिहून ठेवलेली वाक्यं. टपालाने आलेली पत्रं, आणि त्यांच्या उत्तरांखाली 'आपला नम्र' लिहून नानांनी केलेल्या सह्या. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात रेडिओ लावून, दुसऱ्याच्या आवाजात स्वतःला ऐकणारी बायको. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं. नानांचा आवाज त्याच्यावरून हलकेच पुढे सरकला आणि तिसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीवर उतरला. वाक्य जोडलं गेलं. खाच कुणाला कळली नाही.

संपलं तेव्हा तंत्रज्ञ डोळे पुसत होता. काचेपलीकडे वरिष्ठ उभे राहून टाळ्या वाजवत होते, आवाज न येणाऱ्या. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, पण टाळ्या बघून त्यानेही हात जोडले आणि मग वाजवले. फोनचे सगळे दिवे एकदम लागले.

पहिला फोन एका निवृत्त न्यायाधीशांचा. असा कबुलीजबाब आपण उभ्या आयुष्यात ऐकला नाही, नाना फार मोठ्या मनाचे आहेत, असं ते म्हणाले. दुसऱ्या फोनवरच्या प्राध्यापकाला हे चिंतन कॉलेजात वाचून दाखवायचं होतं, नानांची परवानगी हवी होती. नाना हळूहळू खुर्चीत टेकून बसले. त्यांचा श्वास जागेवर आला. तिसरी एक बाई होती.

"माईंना सांगा," ती म्हणाली, "भाग्यवान आहेत त्या. असा नवरा कुणाला मिळतो?"

*

घरी स्वयंपाकघरात माई आणि छोटी रेडिओसमोर बसल्या होत्या. छोटी सकाळीच आली होती, का आलो ते न सांगता. नाना थांबले त्या चार सेकंदांत तिने आईचं मनगट धरलं होतं आणि नंतर वाचन संपेपर्यंत सोडलं नाही. संपल्यावर ती रडत होती.

"झालं ना, माई," ती म्हणाली. "सांगितलं ना त्यांनी. सगळ्यांसमोर सांगितलं."

माई हलल्या नाहीत. तिसऱ्या फोनवरच्या बाईचं बोलणं संपेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. मग त्यांनी मनगट सोडवून घेतलं, फडताळातून कार्बन लावून काढलेली प्रत आणली आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"हे गाळलं," त्या म्हणाल्या.

छोटीने वाचलं. एकदा वाचून तिचा विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. हे तिला माहीत नव्हतं. घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे असं ती समजत होती. तिला एकदम काचेपलीकडचे ते हलणारे ओठ आठवले आणि आपण त्या काळात आईला कधी स्टुडिओत चल म्हणालो नाही, हेही आठवलं. तिने नाक पुसलं.

माई भिंतीवरच्या फोनपाशी गेल्या होत्या, पण त्यांचे हात इतके कापत होते की आकडा चुकत होता. काल छोटीला जे वय वाटलं होतं, ते वय नव्हतं. तिने आईच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त. आठव्यांदा, नवव्यांदा ती दात आवळून तेच आकडे दाबत राहिली. चौदाव्यांदा घंटा वाजली.

*

"घरून फोन आहे," कंट्रोल रूममधली फोन घेणारी मुलगी म्हणाली. "माई आहेत. त्यांना बोलायचंय."

वरिष्ठांनी हसून माना डोलावल्या. त्यांना वाटलं आता गोड शेवट होणार. दादाला तसं वाटलं नाही. तो आईला ओळखत होता. त्याने बटण दाबलं आणि फक्त बायकोच्या हेडफोनमध्ये जाईल असं बोलला. तो फोन घेऊ नकोस. दुसरा कुठलाही घे. पाच मिनिटं राहिलीत, नानांचे आभार मान आणि संपव.

वहिनीने घड्याळ पाहिलं. नऊ वर्षं हा आवाज तिच्या कानात होता. पुरे. पुढे चल. हे विचारू नकोस. संध्याकाळी घरी जेवतानाही तोच आवाज, तोच सूर, मीठ मागतानासुद्धा. काल माईंना काय हवं ते विचारणारी ती एकटीच होती, आणि उत्तर आता त्या लुकलुकणाऱ्या दिव्यामागे थांबलं होतं. तिने काचेकडे बघितलं. दादा नकारार्थी हात हलवत होता. तिने हेडफोनचा एक कान बाजूला सरकवला आणि दिव्याखालचं बटण दाबलं.

"आता फोनवर आहेत," ती म्हणाली, "तुम्ही आज ऐकलेल्या मजकुराच्या लेखिका."

नाना सरळ बसले. माईंचा आवाज त्यांच्या दोन्ही कानांत आला, जवळून, थोडा घोगरा. चाळीस-पन्नास वर्षं हा आवाज ते घरात ऐकत होते. हेडफोनमध्ये तो त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"नमस्कार. मी फार वेळ घेत नाही. त्यांनी वाचलं छान. ते नेहमीच छान वाचतात. दुसऱ्या पानावरचं शेवटचं वाक्य त्यांच्याकडून राहिलं, तेवढं मी वाचते." कागद सरळ केल्याचा आवाज आला. "'माझं नाव सांगाल का, असं तिने मला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी म्हणालो, तुझं कोण ऐकणार?'"

माई पुढे बोलल्या.

"एवढंच आहे. आणि मगाशी एक बाई म्हणाल्या म्हणून सांगते. मी भाग्यवान नाही. मी संतापलेली आहे. आज नाही, पुष्कळ वर्षं. नमस्कार."

फोन ठेवल्याचा आवाज प्रक्षेपणात गेला.

वहिनी नानांकडे वळली. पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला विचारलं होतं त्याच सुरात तिने विचारलं, "नाना, हे वाक्य कागदावर आहे?"

नानांनी समोरच्या पानाकडे पाहिलं. माइक चालू होता. खोटं बोलायला एवढंसं काय लागतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक.

"आहे," ते म्हणाले.

*

व्हरांड्यात दादाने बायकोला गाठलं. तू माझ्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणलीस, असं तो दबक्या आवाजात म्हणाला, कारण वरिष्ठ अजून जिन्यात होते. वहिनीचा आवाज दबका नव्हता. ती म्हणाली, कार्यक्रम चालू घडामोडींचा आहे आणि ही घडामोड सव्वीस वर्षं चालू होती. पुढच्या आठवड्यापासून तू कार्यक्रमात नसशील, असं दादा म्हणाला.

"लेखी दे," ती म्हणाली. "आणि स्वतः लिही."

नाना गाडी नाकारून चालत घरी आले. चाळीस मिनिटांचा रस्ता. वाटेत पानवाल्यासमोर, बसथांब्यावर, लिफ्टमध्ये लोक त्यांच्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच कुणी नमस्कार केला नाही, निदान त्यांना तसं वाटलं. छोटीने दार उघडलं आणि त्यांच्या बाजूने निघून गेली. बापाच्या खांद्याला हातही न लावता.

माई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. नाना समोर उभे राहिले, कोट न काढता.

"घरातली गोष्ट घरात ठेवायची असते," ते म्हणाले.

"सव्वीस वर्षं घरातच होती."

"मी सगळं वाचलं. एवढं सगळं वाचलं. एका वाक्यासाठी तू—" त्यांना पुढे शब्द सापडेना. "ते वाक्य माझ्याने वाचवलं नाही."

"माझ्याने लिहवलं," माई म्हणाल्या.

नाना म्हणाले, पहिल्या वेळचं त्यांना आठवतं. दुसरी वेळ आठवत नाही, ती झालीच नसेल. माईंनी सांगितलं. पहिली वेळ दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, शंभरावं चिंतन झालं तेव्हा. दुसरी, त्या शाळेतून निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी, हातात शाळेने दिलेला गुच्छ होता तेव्हा. नाना म्हणाले, मग ते गंमतीत म्हणालो असेन.

"हो," माई म्हणाल्या. "मीपण हसले होते. दोन्ही वेळा."

त्या उठून आत गेल्या. नानांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, तो घसरून खाली पडला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला. माईंनीही उचलला नाही.

पुस्तकं गोदामातच थांबली. दादाने लेखी काही दिलं नाही. त्या आठवड्यात केंद्रात इतकी पत्रं आली, की वहिनीला काढणं वरिष्ठांनाच परवडेना. दादा तिच्याशी कामापुरतं बोलायचा. तीही त्याला कामापुरतीच उत्तरं द्यायची, घरी सुद्धा. वहिनीने माईंना स्टुडिओत येऊन स्वतः वाचा म्हटलं. येईन, पण माझ्या वेळेने येईन, माई म्हणाल्या. त्या घाईत नव्हत्या आणि निवळल्याही नव्हत्या. छोटी रोज येऊ लागली. आली की आईच्या खोलीत बसायची, आणि नानांनी विचारलं तर दाताबद्दल तेवढं बोलायची.

नानांनी मात्र हट्ट धरला. ती पाच मिनिटं त्यांची आहेत, ते स्वतः लिहितील. कुणी नाही म्हटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, ते कोरे कागद आणि पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. परिचारिकांचा संप मिटला होता, त्यावर लिहायचं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माई श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं देत होत्या. ही पत्रं त्यांच्या नावाने आली होती. दोघांच्या मध्ये चार हातांचं अंतर होतं आणि अडीच आठवड्यांत कामाशिवाय शब्द झाला नव्हता.

नानांनी दोन ओळी लिहिल्या, एक खोडली. पुन्हा लिहिली. बराच वेळ ते पेनाचं टोपण चावत बसले. मग सवयीने, मान वर न करता, म्हणाले, "अगं, संप मिटल्यावर माणसं कामावर जातात. 'जातात' नको. नोकरीवर पहिल्या दिवशी हजर होतो तेव्हा म्हणतात बघ, तो शब्द. जिभेवर आहे. काय म्हणतात गं?"

माईंना तो शब्द माहीत होता. त्यांनी पुढचं पत्र उघडलं आणि वाचायला लागल्या.